स्वस्त वस्त्राचे खरे मोल

दिवाळीपूर्वीचा रविवार आहे. बेळगावच्या खडे बाजारात संध्याकाळी पाय ठेवावयास जागा नाही. दुकानांच्या पायऱ्यांपासून थेट रस्त्यापर्यंत तयार कपड्यांचे ढीग पसरले आहेत आणि एका ढिगामागे स्टुलावर उभा राहिलेला पोरगा घसा ताणून ओरडतो आहे, "कोणताही घ्या, दोनशे! कोणताही घ्या, दोनशे!" ढिगाभोवतीच्या गर्दीकडे क्षणभर निरखून पाहावे. दोन मुलांचे हात घट्ट धरून खेड्यातून आलेली शेतमजूर बाई तेथे आहे. मोटार लांब उभी करून आलेली सुखवस्तू गृहिणी तिच्या शेजारीच आहे. महाविद्यालयातील मुले आहेत. आणि खोटे कशाला बोलावे, आमच्याच समाजातील, घरचे कापडाचे दुकान असलेली मंडळीही आहेत. सर्वांच्या मुद्रेवर एकच भाव आहे. काहीतरी हाती लागेल, आणि दुसऱ्याच्या आधी आपल्या हाती लागेल!

आमचे सारे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी व्यापाराच्या वाढीविषयी, करांविषयी आणि बाजारपेठेच्या अडचणींविषयी लेख येतात व ते आवश्यकच आहेत. यंदा मात्र आम्ही त्या ढिगाविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. स्वस्त कपडा माणसाला इतका का ओढतो, तो घेण्यात व विकण्यात काही गैर आहे काय, आणि असल्यास ते नेमके कोठे आहे, एवढाच आमचा प्रश्न आहे. या बाबतीत कोणास उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही. तो का नाही, हे पुढे ओघाने येईलच.

प्रथम स्वस्ताईची बाजू मांडणे न्यायाचे होईल. कापड महाग असण्याचे दिवस ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांना स्वस्त कापडाचे उपकार कळणार नाहीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, सरकारने कापडावर नियंत्रण आणले. "कंट्रोलचे कापड" हा शब्द घराघरांत रुळला तो तेव्हापासून. थोरल्याचा सदरा धाकट्याने घालावा, त्याच्या अंगावर तो विरला की त्याची पिशवी व्हावी आणि पिशवी फाटली की तिचे पोतेरे व्हावे, हा मध्यमवर्गीय घरांतील क्रम होता. गरिबाच्या घरी तर धुतलेले लुगडे वाळेपर्यंत बाईने दाराआड बसून राहावे, अशीही वेळ येत असे. ज्या यंत्राने आणि ज्या व्यापाराने या माउलीच्या दांडीवर दुसरे लुगडे आणून टाकले, त्यांना नावे ठेवण्याची आमची प्राज्ञा नाही. दोनशे रुपयांच्या ढिगातून आपल्या मुलासाठी दिवाळीचा सदरा शोधणाऱ्या त्या शेतमजूर बाईने काहीही वावगे केलेले नाही, हे आम्ही आरंभीच स्वच्छ सांगून टाकतो.

परंतु त्या ढिगाभोवती ती एकटीच नाही. ज्यांच्या कपाटात न घातलेले कपडे घड्यांसकट पडून आहेत, तेही तेथे आहेत. त्यांना तेथे गरज ओढून आणीत नाही. मग काय आणते? आमचा अनुभव असा की, स्वस्त खरेदीत माणूस वस्तू विकत घेतो त्यापेक्षा अधिक करून विजय विकत घेतो. बाराशेची वस्तू चारशेला आणली, हे शेजारणीला सांगण्यात जो आनंद आहे, तो त्या वस्तूच्या वापरात नसतो. आम्हा व्यापाऱ्यांना हे पुरते ठाऊक आहे. म्हणून तर आम्ही चिठ्ठीवर बाराशेचा आकडा छापतो, तो तांबड्या शाईने खोडतो आणि खाली चारशे लिहितो. त्या वस्तूची किंमत बाराशे कधी नव्हतीच, हे गिऱ्हाइकाला अर्धवट कळत असते आणि आम्हाला पूर्ण कळत असते. तथापि दोघेही त्या खेळात राजीखुशीने सामील होतात. घरी गेल्यावर आठशे रुपये वाचविल्याचा हिशेब होतो. जे चारशे खर्च करण्याचे मुळी कारणच नव्हते, त्यांची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

स्वस्त कापडाचा हा मोह आणि त्यामागचा नीतीचा प्रश्न आजचा नाही. महाराष्ट्रात आणि आपल्या या सीमाभागात तो दीडशे वर्षांपासून विचारला जात आहे. मँचेस्टरचे कापड येथील विणकराच्या कापडाहून तलम होते आणि स्वस्तही होते. म्हणूनच ते घरोघर शिरले. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून गेले, ते त्या स्वस्त तलमपणाला उत्तर म्हणूनच. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईच्या काळबादेवी भागात परदेशी कापड वाहून नेणाऱ्या मोटारीपुढे बाबू गेनू हा गिरणी कामगार आडवा झाला आणि तिच्या चाकाखाली त्याने प्राण दिला.

आमच्या बेळगावचे तर या प्रश्नाशी विशेष नाते आहे. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन होय. सभासदाने वर्गणी म्हणून दरमहा २,००० वार सूत द्यावे, हा नियम तेथे मान्य झाला. पैसा नको, सूत हवे! हा नियम फार काळ टिकला नाही. पुढच्याच वर्षी सुताऐवजी चार आणे देण्याची मुभा द्यावी लागली. परंतु आम्हाला त्यातील मर्म महत्त्वाचे वाटते. ज्याने स्वतः २,००० वार सूत कातले आहे, त्याला एका धोतरजोडीत किती हातांचे किती तास गुंतलेले असतात हे सांगावे लागत नाही. आपण जे अंगावर घालतो ते कोणीतरी केलेले असते, एवढे भान देण्याचा तो प्रयत्न होता.

त्या चळवळीची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९१६ च्या "घरे बाइरे" या कादंबरीत, विलायती कापड विकून पोट भरणाऱ्या एका दरिद्री फेरीवाल्याचा माल स्वदेशीच्या नावाखाली जाळला जातो, असा प्रसंग रंगविला आहे. ज्याला महाग देशी कापड परवडत नाही, त्याच्या गळ्यात आपली नीती बळेच बांधण्यात अन्याय होता, हे त्या थोर पुरुषाने ओळखले होते. तेव्हा स्वस्त कापड घेणाऱ्या गरिबाला पापी ठरविणारी नीती ही नीती नव्हे. स्वस्ताई वाईट नाही. स्वस्ताई कोणाच्या खर्चाने आली, हे न विचारणे वाईट आहे.

कारण कोणतीही वस्तू आपोआप स्वस्त होत नाही. किमतीतून गळालेला प्रत्येक रुपया कोणीतरी सोडलेला असतो किंवा कोणाकडून तरी काढून घेतलेला असतो. व्यापाऱ्याने थोड्या नफ्यावर पुष्कळ माल काढला, रोखीने खरेदी करून दर पाडून घेतला, मोसम संपल्यावर राहिलेला माल मोकळा केला, ताग्याच्या शेवटी उरलेले कटपीस वेगळे करून विकले, तर त्या स्वस्ताईला कोणी हरकत घेऊ नये. तो व्यापाराचा कसब आहे. १९७६ मध्ये केंद्र सरकारने गरिबांसाठी हातमागाच्या जनता कापडाची योजना काढली. त्या कापडाची विक्रीची किंमत कमी ठेवण्यासाठी लागणारी रक्कम सरकार अनुदान म्हणून देत असे. कापड जाडेभरडे असेल, योजनेत दोषही असतील, परंतु फरक कोणी भरला हे उघड होते. उघड स्वस्ताई आणि झाकलेली स्वस्ताई यांतील भेद हाच आहे.

झाकलेली स्वस्ताई कशी असते, हे जगाने २४ एप्रिल २०१३ रोजी पाहिले. बांगलादेशात ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. वरच्या मजल्यांवर शिलाईचे कारखाने चालत व तेथे शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेच्या दुकानांत जात. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद ठेवण्यात आली. शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलाविण्यात आले, कारण माल वेळेवर पाठवावयाचा होता. सकाळी इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्यानंतर अनेक परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात इमारतींच्या व आगीच्या सुरक्षिततेविषयी बंधनकारक करार झाला, शेकडो कारखाने तपासले गेले, दुरुस्त्या झाल्या. त्यामुळे जगातून तयार कपडे नाहीसे झाले नाहीत. म्हणजे जे आधी करणे शक्य होते, ते कोणी विचारीत नव्हते म्हणून झाले नव्हते, एवढाच याचा अर्थ.

ही दूरच्या देशाची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही. बनियन आणि गंजीफ्रॉक यांसाठी सारा देश ज्या तमिळनाडूतील तिरुपूरकडे पाहतो, तेथील रंगाईच्या कारखान्यांनी आपले सांडपाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत सोडले. ज्या ओरतुपाळयम धरणाचे पाणी शेतीसाठी साठवावयाचे, तेच पाणी शेतकरी नको म्हणू लागले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने नियम न पाळणारे रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. पाणी शुद्ध करण्याचा खर्च जोवर कारखान्याच्या हिशेबात नव्हता, तोवर तो नदीकाठच्या शेतकऱ्याच्या नावे पडत होता. आम्ही ते बनियन विकले आणि आपण सर्वांनी ते घातले. त्या शेतकऱ्याचे नाव आपल्या वहीत कोठेही नव्हते.

येथवर दुसऱ्यांचे सांगितले. आता आमचे सांगतो.

२०२० चे वर्ष कोणीही विसरलेले नाही. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी झाली आणि लग्नसराईचा सगळा मोसम बुडाला. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत ज्या गल्लीत शिरावे तेथे मागाचा खडखडाट ऐकू यावयाचा. त्या उन्हाळ्यात त्या गल्ल्या मुक्या झाल्या. श्रावणाच्या सुमारास एक विणकर आमच्या पेढीवर आला. त्याचे स्वतःचे दोन यंत्रमाग होते. बायको कांड्या भरी, हा माग चालवी. पंधरा-सोळा वर्षांचा आमचा व्यवहार. मालात कधी खोट नाही, बोलण्यात कधी फेर नाही. त्याने चाळीस साड्यांचा गठ्ठा गादीवर ठेवला. या साडीला आम्ही त्याला सातशे रुपये देत असू. सुताची उधारी थकली होती, विजेचे बिल थकले होते. तो म्हणाला, "अण्णा, दर तुम्हीच सांगा. पण आज माल परत नेऊ नका म्हणू."

आम्ही दर सांगितला. चारशे.

त्याने हुज्जत घातली नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, म्हणतात. त्या दिवशी गाढव कोण होते, हे आम्हाला नंतर उमगले. सोळा हजार रुपये रोख मोजून आम्ही त्याच्या हाती ठेवले, आणि अशा दिवसांत रोख रक्कम देतो आहोत म्हणजे त्याच्यावर उपकारच करतो आहोत, असे आम्हाला मनापासून वाटले. दिवाळीला बाजार थोडा उघडला. त्या साड्या आम्ही "खास सवलत" अशी पाटी लावून प्रत्येकी नऊशेला विकल्या. नेहमीचा भाव अकराशे होता. गिऱ्हाईक खूष झाले, आम्हीही खूष झालो. कायद्याचा कोणताही भंग झाला नव्हता. पावती होती, कर भरला होता, माप बरोबर होते.

तरीही हिशेब लावताना पेन्सिल अडखळली. गिऱ्हाइकाला आम्ही दोनशे रुपयांची सवलत दिली, असे पाटी सांगत होती. परंतु आमचा नफा तर नेहमीच्या चारशेहून पाचशेवर गेला होता. मग ते दोनशे कोणी दिले? आणि आमचे वरचे शंभर कोणी दिले? दोन्ही त्या विणकराने दिले होते. एका साडीमागे तीनशे; चाळीस साड्यांचे बारा हजार. सवलत देणारा खासबागेत आपल्या बंद मागापाशी बसला होता आणि सवलतीच्या पाटीवर नाव आमच्या पेढीचे होते.

आपल्या आचार्यांना बाजार चांगला माहीत होता, असे त्या दिवसांपासून आम्हाला वाटू लागले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोराला प्रवृत्त करणे हा पहिला. चोरून आणलेला माल घेणे, तदाहृतादान, हा दुसरा. राज्याच्या मर्यादा ओलांडून केलेला व्यवहार, म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम, तिसरा. मापात मारणे चौथा. आणि बनावट माल खरा म्हणून खपविणे, प्रतिरूपकव्यवहार, हा पाचवा. यांतील एकातही मनुष्य दुसऱ्याचे घर फोडीत नाही. हे सर्व दुकानात बसून करावयाचे दोष आहेत, आणि त्यांत विकण्याइतकेच घेण्याचेही दोष आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तिसऱ्या अतिचाराचा अर्थ उलगडताना पूज्यपादाचार्यांची सर्वार्थसिद्धी टीका दोन गोष्टी सांगते. उचित न्याय सोडून दुसऱ्या मार्गाने केलेले देणे-घेणे म्हणजे अतिक्रम. आणि मोठ्या मोलाची वस्तू थोड्या मोलात मिळते, म्हणूनच माणूस त्या मार्गाला जातो. दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलेले हे विवेचन खडे बाजारातील त्या ढिगालाही लागू पडते. आमची खरेदी अक्षरशः त्या पाचांपैकी कशातच बसत नव्हती. परंतु ती उचित न्यायाची होती, असे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांतील फरक सांगितला आहे. एकदाच उपयोगात येऊन संपतो तो भोग, जसे अन्न. पुन्हा पुन्हा उपयोगात येतो तो उपभोग, जसे वस्त्र. आजच्या स्वस्त कपड्याने नेमके काय केले, हे या व्याख्येवरून चटकन समजते. त्याने वस्त्राला उपभोगातून काढून भोगात नेऊन बसविले. तिसऱ्या धुण्याला उसवणारा सदरा आणि एका समारंभापुरती घेतलेली साडी ही वस्त्रे असूनही अन्नासारखी एकदाच वापरून संपतात. आमच्या आईच्या वेळी सुती लुगडे आठ-दहा वर्षे अंगावर असे. ते विरून मऊ झाले की त्याची वाकळ किंवा तान्ह्या बाळाचे दुपटे होई. उरलेले बोहारणीकडे जाऊन त्याचे एखादे भांडे घरात येई. आजच्या कृत्रिम धाग्याच्या साडीची वाकळ अंगाला सुखाची नाही, तिचे दुपटे होत नाही, आणि बोहारणही तिच्याकडे पाहून नाक मुरडते. हा धागा खनिज तेलापासून होतो. तो मातीत सहज कुजत नाही. मग तो गावाबाहेरच्या उकिरड्यावर जाऊन पडतो आणि तेथून कोठेही जात नाही.

येथे कोणी विचारील की, मग करावे काय? गिऱ्हाइकाने स्वस्त घेऊ नये आणि व्यापाऱ्याने स्वस्त विकू नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. गिऱ्हाइकाला आमची सूचना एवढीच की, किमतीला वापराने भागावे. दोनशेचा सदरा दहा वेळा घालून फाटला, तर तो एका वेळेस वीस रुपयांना पडला. नऊशेचा सदरा शंभर वेळा घातला, तर तो एका वेळेस नऊ रुपयांना पडला. मग स्वस्त कोणता? परंतु ज्याच्या हाती एका वेळी नऊशे रुपये कधीच नसतात, त्याच्यापुढे हा हिशेब मांडणे क्रूरपणाचे आहे. त्याला उपदेश नको, हप्ता हवा. आपल्या वाडवडिलांच्या पेढ्यांवर सुगीला फेडण्याच्या बोलीवर खेड्यातील कुळाला चांगले टिकाऊ कापड उधार मिळत असे. त्या उधारीत दोष होते, काही पेढ्यांनी त्यांत अन्यायही केला. तरी गरिबालाही चांगले कापड घेता यावे, ही त्यामागची सोय टाकून देण्यासारखी नव्हती.

व्यापाऱ्याची जबाबदारी गिऱ्हाइकाहून मोठी आहे, कारण त्याचे ज्ञान मोठे आहे. ढिगातील सदरा कोठे शिवला, हे त्या शेतमजूर बाईला कळण्याचा मार्ग नाही, आम्हाला आहे. सुताचा भाव, विणाईची मजुरी, रंगाईचा दर आम्हाला तोंडपाठ असतात. एखादा माल सुताच्या किमतीलाही परवडू नये इतक्या कमी दराने समोर आला, तर "कसा काय परवडतो?" हा प्रश्न विचारणे आमच्या हाती आहे. मोसम गेला म्हणून, की मजुरी बुडविली म्हणून? दुसरे असे की, यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून आणि कृत्रिम रेशीम खऱ्या रेशमाच्या नावाने विकणे, हा तोच पाचवा अतिचार होय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ओळखीसाठी २००४ पासून रेशमाची आणि २००६ पासून हातमागाची सरकारमान्य खूण आहे. यंत्रमागाच्या साडीत कमीपणा काहीच नाही. तिला तिच्या खऱ्या नावाने विकावे, म्हणजे झाले. खोडलेल्या खोट्या किमतीही आता पुरे कराव्यात.

तिसरी गोष्ट आपल्या मंडळींना रुचणार नाही, तरी ती लिहितो. माल आज घ्यावा आणि पैसे चार-सहा महिन्यांनी द्यावे, ही कापड बाजारातील जुनी रीत. त्या महिन्यांचे व्याज विणकर भरतो. म्हणजे तीही झाकलेली स्वस्ताईच. नोंदणी केलेल्या लहान उत्पादकाचे पैसे करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे, असे २००६ च्या कायद्यानेच सांगितले होते. २०२३ मध्ये प्राप्तिकराच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येणार नाही असे ठरले, तेव्हा साऱ्या कापड बाजाराने गहजब केला. आम्हीही त्यात होतो. आमच्याकडे गिऱ्हाइकाचा पैसा उशिरा येतो, आम्ही कोठून द्यावा, हे आमचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. परंतु सतरा वर्षे जो नियम पुस्तकात होता, तो कराचा बडगा येईपर्यंत आम्हाला आठवला नाही, हेही खोटे नाही.

त्या विणकराची गोष्ट अर्धी राहिली. पाडव्याला जुन्या वह्या मिटताना ते बारा हजार डोळ्यांपुढून हलेनात. दिवाणजींना बरोबर घेऊन आम्ही खासबागेत गेलो. घर तेच होते, परंतु आतील पुढच्या खोलीत दोन्ही माग नव्हते. जमिनीत जेथे ते बसविलेले होते, तेथे चार-चार खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. दसऱ्यापूर्वीच त्याने ते भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिले होते. तो आता एका कारखान्यावर रात्रीची राखण करीत होता. आम्ही पाकीट पुढे केले आणि हिशेबातील फरक म्हणून ते घ्यावे, असे सांगितले. त्याने ते घेतले, उघडून नीट मोजले. मग कोणताही राग न धरता तो म्हणाला, "अण्णा, हे तेव्हा मिळाले असते, तर एक माग तरी राहिला असता बघा."

त्याच्या बायकोने चहा दिला. आम्ही तो घेतला आणि परत आलो. आमच्या वहीत ते बारा हजार जमा-नावे बरोबर झाले. त्याचा माग मात्र परत आला नाही.

तेव्हापासून आमच्या पेढीवर एक साधा नियम आहे. अडचणीत आलेल्या माणसाचा माल घ्यावयाचा असेल, तर तो नेहमीच्याच दराने घ्यावा. तेवढा पैसा नसेल तर थोडा घ्यावा, पण दर पाडू नये. सवलतीची पाटी लावावयाची असेल, तर ती आपल्या नफ्यातून द्यावी. या नियमाने आम्ही श्रीमंत झालेलो नाही आणि बुडालेलोही नाही. येत्या दिवाळीला खडे बाजारात पुन्हा ढीग लागतील, आमच्या पेढीपुढेही एखादा असेल, आणि त्या शेतमजूर बाईला तिच्या मुलासाठी त्यातून चांगला सदरा मिळावा, अशीच आमची इच्छा आहे. संघातील व्यापारीबंधूंना आमची विनंती एवढीच की, ढीग लावण्यापूर्वी त्यातील सवलत कोणाच्या खिशातून जाते आहे, हे प्रत्येकाने आपापल्या वहीत एकदा पाहून घ्यावे.